गोंगाटात समोरचं बोलणं ऐकण्यासाठी: श्रवणयंत्राचा दिशात्मक माइक नीट कसा वापरायचा

घरात श्रवणयंत्र छान चालतं, पण लग्नाच्या हॉलमध्ये किंवा भरलेल्या हॉटेलात गेलं की नुसता कल्ला कानावर पडतो. तिथे आवाज वाढवून काही साधत नाही, कारण बोलणं आणि गोंगाट दोन्ही सारखेच वाढतात. बोलणं गोंगाटाच्या वर उठून आलं पाहिजे, आणि त्यासाठी यंत्रातलं खरं कामाचं साधन म्हणजे दिशात्मक माइक, म्हणजे समोरचा आवाज ठेवून मागचा दाबणारा माइक. 'नॉइज रिडक्शन' ही वेगळी सोय आहे. तिने डोकं कमी शिणतं, पण शब्द जास्त कळतातच असं नाही.

कानामागच्या यंत्राच्या वरच्या कडेला दोन बारीक छिद्रं असतात. त्यांच्यात सुमारे 1 सेंटिमीटर अंतर, आणि प्रत्येकाखाली एक माइक. अंतर 12 मिलिमीटर धरलं तर पाठीमागून आलेला आवाज मागच्या माइकला आधी लागतो आणि पुढच्याला साधारण 35 मायक्रोसेकंद उशिरा. यंत्र मागच्या माइकचा आवाज तेवढाच वेळ रोखून धरतं आणि पुढच्यातून वजा करतं. दोन्ही जुळतात आणि एकमेकांना खोडतात. समोरून आलेला आवाज तसा जुळत नाही, म्हणून तो टिकतो. यंत्राचं 'समोर' म्हणजे तुमचं नाक ज्या दिशेला आहे ती बाजू. कानाच्या पार आत बसणाऱ्या छोट्या यंत्रांत बहुधा एकच माइक असतो, त्यांना हे जमत नाही.

आधी बसवणं तपासा. सरळ समोर बघा आणि घरातल्या कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. दोन छिद्रांना जोडणारी रेघ जवळजवळ आडवी हवी. यंत्र कानावरून वर उचललं गेलं असेल किंवा मागे कललं असेल, तर 'समोर' आभाळाकडे जातं. यंत्रापासून कानात जाणारी वायर किंवा ट्यूब चुकीच्या लांबीची असणं हे नेहमीचं कारण. चष्म्याची जाड काडी हे दुसरं. वायर वेगवेगळ्या लांबीच्या मिळतात, ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) बदलून देतात. डावं-उजवं यंत्रही बघा: लाल खूण उजवीकडे, निळी डावीकडे.

मग डोम, म्हणजे कानात बसणारं मऊ रबरी टोक. भोकं असलेला उघडा डोम असेल तर गोंगाटातला घुमणारा, जाड आवाज यंत्राला वळसा घालून थेट कानात शिरतो. त्यावर माइकचा काहीच ताबा नसतो. बंद डोम किंवा कानाचा साचा घेतला की फायदा वाढतो, पण ज्यांना जाड आवाज चांगले ऐकू येतात त्यांना स्वतःचंच बोलणं घुमल्यासारखं वाटतं. ऐकण्याचा आलेख समोर ठेवून हा निर्णय ऑडिओलॉजिस्टबरोबरच घ्यावा.

वेगळा प्रोग्राम, म्हणजे यंत्रात ठरवून ठेवलेली सेटिंग, मागून घ्या. स्वयंचलित प्रोग्राम केव्हा दिशात्मक होतो आणि केव्हा नाही, हे वापरणाऱ्याला कळत नाही. म्हणून बटणावर किंवा मोबाइल ॲपवर एक कायम दिशात्मक प्रोग्राम ठेवायला सांगा. तपासणीही त्यावरच करा. पडदे-गाद्या असलेल्या खोलीत, कानाच्या उंचीवर, 1 मीटरवर मोबाइलवर बातम्या लावा. आधी तोंड मोबाइलकडे, मग पाठ. पाठ केल्यावर आवाज स्पष्टपणे दबला पाहिजे. दोन्हीकडे सारखाच वाटला तर एखादं छिद्र बुजलेलं असण्याची शक्यता मोठी. रिकाम्या, घुमणाऱ्या खोलीत ही चाचणी करू नका. तिथे भिंतींवरून परतलेला आवाज सगळीकडूनच येतो.

जागा निवडणं हेच अर्धं काम. कानावर बसवलेल्या माइकचा फायदा साधारण 3 ते 5 डेसिबल. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचं अंतर 2 मीटरवरून 1 मीटरवर आणलं तर त्याचा आवाज 6 डेसिबलने वाढतो. म्हणजे खुर्ची पुढे सरकवणं माइकपेक्षाही मोलाचं, आणि दोन्ही मिळून खरी मजा. हॉटेलात स्वयंपाकघर, काउंटर, स्पीकर तुमच्या पाठीशी येतील असं बसा. ज्याच्याशी बोलायचंय तो समोर. अनेकजण गोंगाट नको म्हणून भिंतीला पाठ लावून बसतात. मग सगळा हॉल नेमका समोर येतो आणि माइक तोच उचलतो. लांबट टेबलावर टोकाची जागा घेऊ नका, पलीकडच्या टोकाचं बोलणं पोचणार नाही. मंगल कार्यालयात 3-4 मीटरपलीकडे दिशात्मक माइकवर विसंबू नका.

छिद्रांची निगा. दोन्ही माइक अगदी सारखे राहिले तरच वजाबाकी जमते. एका छिद्रात घाम, पावडर, केसांचं तेल किंवा कलप गेला की यंत्र 'चालू' दिसतं, पण दिशा हरवलेली असते. रोज रात्री छिद्रं जमिनीकडे धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. टाचणी, पाणी, स्पिरिट अजिबात नको. पावसाळ्यात यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा. झिंक-एअर सेल आधी काढून बाहेर ठेवा, नाहीतर तोही सुकतो. दाण्यांचा रंग बदलला की ते बदला. ब्रशनेही फरक पडला नाही, तर ऑडिओलॉजिस्टकडे दोन्ही माइक तपासून घ्या.

दिशात्मक प्रोग्राम कुठे बंद ठेवायचा? रस्त्यावर, कारण मागून येणारी गाडी ऐकू आली पाहिजे. दुचाकीवर आणि एसटीच्या खिडकीशी, कारण वाऱ्याची घरघर दोन्ही माइकमध्ये वेगवेगळी असते; वजाबाकीत ती कटत नाही, उलट वाढते. शांत घरातही, कारण वजाबाकीत जाड आवाज कमी होतात, यंत्र ते पुन्हा उचलून धरतं आणि त्याबरोबर माइकची स्वतःची सरसर ऐकू येते. डोक्यावरून पदर, स्कार्फ किंवा कानटोपी असेल तर छिद्रं झाकली जातात आणि कापडाच्या घासण्याचा आवाज येतो. कापड कानामागे घ्या.

व्याख्यान, कीर्तन, वर्ग अशा दूरच्या आवाजासाठी यंत्राला जोडता येणारा वेगळा वायरलेस माइक वापरा. तो बोलणाऱ्याच्या छातीवर, तोंडापासून 15 ते 20 सेंटिमीटरवर लावा, उपरण्याखाली नाही.