नवी ट्रायमरान पारखताना
नवी क्रूझिंग ट्रायमरान, म्हणजे सफरीसाठीची तीन धडांची शिडाची बोट, धक्क्यावर बघून भुलू नका. तीन हल (धडं) म्हणजे तिप्पट जागा नव्हे. राहायचं मधल्या अरुंद हलमध्येच. चांगला वारा असेल त्या दिवशीच ती बाहेर काढायला लावा. मी सुकाणू हातात घेतलं की वारा ज्या बाजूला वाहत जातो त्या बाजूच्या फ्लोटच्या (कडेच्या हलच्या) नाकावर नजर ठेवतो. ते पाण्यात घुसायला लागलं, की शीड जास्त झालं! एका हलची बोट कलून इशारा देते, ही फारशी कलतच नाही. म्हणून रीफ (शीड आखडून लहान करणं) वाऱ्याचा आकडा बघूनच घ्यायचा, तोही झोतांचा, सरासरीचा नव्हे. टॅक करताना, म्हणजे नाक वाऱ्यातून पलीकडे वळवताना, आधी वेग धरा, नाहीतर हलकी बोट मध्येच अडते. मग पाणी, डिझेल, नांगराची साखळी असं सगळं सामान भरून पुन्हा चालवायला मागा. रिकाम्या बोटीचा वेग मी हिशेबात धरतच नाही.