फिल्टर क्लॉथ निवडताना नुसत्या मायक्रॉनच्या मागे लागू नका

फिल्टर प्रेसवर, म्हणजे प्लेटांवरच्या कापडातून दाबाने स्लरी (घन कण मिसळलेलं पाणी) गाळणाऱ्या यंत्रावर, नव्याने आलात ना, मग आधी हे डोक्यात पक्कं बसवा: खरं गाळण्याचं काम केक, म्हणजे कापडावर साचणारा घन कणांचा थर, करतो. कापड फक्त पहिला थर धरून ठेवतं. हे मला सुरुवातीला कोणीही सांगितलं नाही, त्याची सल अजून आहे.

पंप सुरू झाला की पहिली काही मिनिटं फिल्ट्रेट, म्हणजे गाळून बाहेर पडणारं पाणी, गढूळ येतं. ते बघून घाबरून लगेच आणखी बारीक मायक्रॉनचं, म्हणजे आणखी बारीक छिद्रांचं कापड मागवलं जातं. नव्या कापडातून पाणी स्वच्छ येतं, सगळे खूश. मग हळूहळू बारीक कण धाग्यांमध्ये रुतून बसतात, सायकल (प्रेस भरण्यापासून केक पाडेपर्यंतचा एक फेरा) लांबते, केक ओला राहतो, कापडाला चिकटतो. त्यात कोणी पंपाचा दाब वाढवला की कण आणखी आत ठोकले जातात. कापड कायमचं चोक! सुरुवातीचा गढूळपणा हा बहुतेक वेळा दोष नसतोच. ते फिल्ट्रेट फीड टाकीत परत फिरवा, दाब कमी ठेवून थर बसू द्या, मग हळूहळू चढवा. थर बसल्यावरही गढूळच येत असेल, तर आधी भोक आणि कडेची घडी शोधा. दुमडलेल्या कडेतून सुटणारी स्लरीची धार प्लेटसुद्धा खाते.

मटेरियलचं तसं सोपं आहे. पॉलिप्रॉपिलीन आम्ल-अल्कली दोन्हींत टिकतं, पण साधारण ९० अंश सेल्सिअसच्या वर नको आणि नायट्रिक आम्लापासून दूरच ठेवा. पॉलिएस्टर उष्णता जास्त सोसतं, पण गरम अल्कलीत त्याची ताकद जाते. नायलॉन घासणीला चिवट, आम्लाला कच्चं. मोनोफिलामेंट, म्हणजे एकेरी तंतूच्या धाग्याचं कापड, केक पटकन सोडतं. मल्टिफिलामेंट, म्हणजे अनेक तंतू पिळलेल्या धाग्याचं, बारीक कण धरतं, पण लवकर चोक होतं.

धुण्यात शॉर्टकट मारू नका. लोखंडी खरवडणी कापडाला लावायचीच नाही, प्लास्टिकची वापरा. चुन्याचा थर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने सुटतो. मात्र त्यात हायपोक्लोराइट (ब्लीच) कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

कॅटलॉगपेक्षा मी रोज केक पाडणाऱ्या जुन्या ऑपरेटरचं ऐकेन. केक कुठे चिकटतो हे त्यांना हाताने कळतं. गोंधळ उडाला तरी धीर सोडू नका. चोक झालेली बरीच कापडं वेळेवर नीट धुतली तर पुन्हा कामाला येतात. कापड बदलल्याची तारीख आणि सायकलचा वेळ मात्र पहिल्या दिवसापासून वहीत लिहा. वेळ वाढायला लागला की तेव्हाच धुवा, केक चिकटायची वाट बघू नका.