कार्यक्रम आहे की रद्द? निघण्याआधी एवढं विचारा

ऑक्टोबरात मालवण-वेंगुर्ल्याकडे उघड्यावरचं नाटक बघायला निघताय? सकाळच्या निळ्या आभाळावर विसंबू नका. दुपारी सह्याद्रीवर ढग जमतात आणि संध्याकाळी गडगडत किनाऱ्याकडे उतरतात. हवामान खात्याचा जिल्हानिहाय ‘नाऊकास्ट’, म्हणजे तातडीचा अंदाज, पुढच्या 3 तासांपुरताच असतो, म्हणून तो अगदी निघताना बघायचा. विजांसाठी ‘दामिनी’ ॲप.

पण खरी बातमी मैदानावरच. ग्रुपवर ‘आहे ना हो?’ विचारलं की नुसते अंगठे येतात. त्यापेक्षा मंडळातल्या कुणाला तरी फोन लावा आणि नेमकं विचारा: साउंडवाल्याने स्पीकर उभे केलेत, की अजून ताडपत्रीखालीच आहेत? पाऊस आलाच तर प्रयोग देवळाच्या सभामंडपात होणार, की उद्यावर जाणार?