हिमोढातून धातुखनिजाचा माग: फिनलंडचा लॅपलंड

लॅपलंडमध्ये मूळ खडक क्वचितच उघडा दिसतो, वर हिमोढाचा, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या माती-दगडांचा, थर असतो. म्हणून माग उलटा काढायचा, बर्फाने आणलेल्या दगडापासून मूळ साठ्याकडे.

आधी उघड्या खडकावरच्या, सरकत्या बर्फाने पाडलेल्या ओरखड्यांची दिशा होकायंत्राने मोजा. दोन दिशा दिसल्या तर दोन्ही नोंदवा आणि आधीची कोणती तेही ठरवा. एकच दिशा धरली की शोध भलतीकडे जातो. मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज) जवळ असेल तर सुई भरकटते, तिथे जीपीएस वापरा.

नमुना पृष्ठभागावरून घेऊ नका. वरचा फिकट आणि खालचा तांबूस थर ओलांडून, बहुधा मीटरभर खोल, न बदललेला करडा हिमोढ एक-दोन किलो घ्या. तांबूस थरातले लोह इतर धातू धरून ठेवते, त्यामुळे आकडे फुगतात. वाळवून 0.063 मिमी चाळणीतून गाळा. पितळी चाळणी मात्र नकोच, तिचे तांबे-जस्त नमुन्यात उतरते.

अंतराचा अंदाज जपून बांधा. पूर्व फिनलंडमध्ये किविसाल्मीला 1908 मध्ये सापडलेल्या खनिजयुक्त दगडाचा मूळ साठा 1910 मध्ये सुमारे 50 किमीवर, औटोकुंपूला मिळाला. मध्य लॅपलंड मात्र हिमविभाजकाखाली, म्हणजे जिथून बर्फ दोन्हीकडे सरकतो त्या पट्ट्याखाली, होता. तिथे दगड फारसे सरकलेले नाहीत, म्हणून नमुने दाट घ्यावे लागतात.