येळवसला शेत दाखवायचंय? आधी फवारणीचं बघा

लातूर-धाराशिवकडं येळवसला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या सणाला, गावातली-शहरातली सगळी पाहुणेमंडळी रानात येतातच, मग त्याच दिवशी त्यांच्या लेकरांना नुसती भज्जी-आंबील देऊन परत पाठवू नका, वावर फिरवून दाखवा. मी तर म्हणतो लेकरांना शेती कळायला यापेक्षा चांगला दिवस नाही. फक्त एक गोष्ट आधी करा, तूर-हरभऱ्यावर औषध मारलेलं असेल तर डब्याच्या लेबलवर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस झालेले नसतील तर त्या रानात लेकरं नेऊच नका, कारण लेकरं डहाळे, म्हणजे हिरव्या घाट्यांची हरभऱ्याची झाडं, उपटून तिथंच खाणार, आपण कितीही ओरडलो तरी. रिकामे डबे, पंप कुलपात ठेवा. विहिरीला कठडा नसेल तर एक मोठं माणूस तिथं उभंच पाहिजे. आन एका वेळी दहा-बाराच लेकरं घ्या, हातात काम द्या, हरभरा उपटून मुळावरच्या गाठी बघू द्या, हवेतलं नत्र झाडाला तिथूनच मिळतं हे सांगा. जानेवारीत हुरड्याला परत बोलवा, आगटीत ज्वारीची कणसं भाजून हातावर चोळायला त्यांनाच लावा.