जुन्या मारुतीला निरोप देताना

मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले, त्यामुळे आज महाराष्ट्रात शिल्लक असलेल्या बहुतेक ८०० गाड्यांची पंधरा वर्षांची पहिली नोंदणी संपलेली आहे किंवा संपत आली आहे. कितीतरी घरांत ती पहिली चारचाकी होती. अशा गाडीला निरोप देण्याचा निर्णय ती चालू स्थितीत असतानाच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. प्रेमापोटी गाडी कव्हर घालून वर्षानुवर्षे उभी ठेवली, की पेट्रोल खराब होते, ब्रेक जाम होतात, उंदीर वायरिंग कुरतडतात आणि पावसाळ्यागणिक पत्रा सडत जातो.

पहिले पाऊल म्हणजे आरसी पुस्तकावरील नाव पाहणे. गाडी वडिलांच्या नावावर असते, ते हयात नसतात आणि मुले ती तशीच चालवत राहतात, असे अनेक घरांत घडते. नियमानुसार मालकाच्या मृत्यूची माहिती तीस दिवसांत आरटीओला कळवायची असते आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. हे राहून गेले असेल, तर मृत्यूचा दाखला, वारसाचे पुरावे आणि इतर वारसांची लेखी संमती आधी जमवावी आणि पुढे काय करायचे ते आरटीओत विचारून घ्यावे. विक्री असो वा भंगार, नावाचा प्रश्न सुटल्याशिवाय पुढचे काही सुटत नाही. कर्ज कधीच फिटलेले असूनही बँकेचा बोजा आरसीवर तसाच राहिलेला असू शकतो. तो बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन उतरवावा. थकीत ई-चलानही याच वेळी भरून टाकावे.

त्यानंतर एखाद्या विश्वासू मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून खालून तपासून घ्यावी. इंजिन ऑइल खात असेल तर त्याला उपाय आहे, परंतु तळाचा पत्रा आणि सस्पेन्शन जिथे बसते तो भाग सडला असेल, तर ती गाडी कोणाला विकू नये. स्वस्तात मिळते म्हणून ती एखादे तरुण कुटुंब घेईल आणि लहान मुलांना घेऊन महामार्गावर जाईल. सांगाडा शाबूत असल्यास फॉर्म २५ भरून नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. त्याचे शुल्क २०२२ पासून मोटारीसाठी पाच हजार रुपये झाले असून वीस वर्षांहून जुन्या गाडीला ते आणखी जास्त पडते. पर्यावरण कर आणि तपासणीत निघणारी दुरुस्ती यांचा खर्चही हिशेबात धरावा.

विकायचे ठरल्यास फॉर्म २९ आणि फॉर्म ३० या मालकी बदलाच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या करून देऊ नयेत. खरेदीदाराचे नाव, तारीख आणि गाडी ताब्यात दिल्याची वेळ लिहूनच सही करावी, आणि राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवावे. दप्तरी ज्याचे नाव मालक म्हणून आहे, अपघाताच्या भरपाईसाठी तोच जबाबदार ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. ओळखीचा खरेदीदार असला, तरी नाव बदललेली आरसी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

भंगारात देताना गल्लीतल्या भंगारवाल्यापेक्षा २०२१ च्या नियमांखालील नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्र निवडावे. भंगारवाला कदाचित चार पैसे जास्त देईल. परंतु गाडीची नोंदणी रद्द होत नाही, तिचा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर जाण्याची भीती राहते आणि आतले ऑइल जमिनीत मुरते. केंद्रात मोबदला मुख्यतः धातूच्या वजनावर ठरतो आणि ८०० चे वजन साधारण साडेसहाशे किलो असते, हे ध्यानात ठेवले म्हणजे रक्कम ऐकून मन खट्टू होत नाही. केंद्राकडून मिळणारे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी भंगारात जमा केल्याचे प्रमाणपत्र, जपून ठेवावे. नवी खासगी गाडी घेताना त्यावर वाहनकरात सवलत मिळते. केंद्र सरकारने तिची कमाल मर्यादा २५ टक्के ठेवली असून प्रत्यक्ष दर राज्य ठरवते.

गाडी देण्याआधीच्या रविवारी घरातल्या सर्वांना एकदा तीतून फिरवून आणावे. ज्येष्ठांना पुढच्या सीटवर बसवावे आणि तिच्यावर गाडी शिकलेल्यांना थोडे अंतर चालवू द्यावे. घाटाचा मोह मात्र टाळावा. जुन्या ब्रेकची परीक्षा पाहण्याची ही वेळ नव्हे. दसऱ्याला जिला झेंडूचा हार घातला, तिला जाताना हळद-कुंकू लावून नारळ वाढवणे मला अगदी उचित वाटते. डॅशबोर्डवरील गणपती आधी काढून देव्हाऱ्यात ठेवावा. सीटखाली, डिकीत आणि स्टेपनीच्या खळग्यात हात घालून पाहावे, कारण हरवलेल्या वस्तू बहुधा तिथेच निघतात. आठवण म्हणून मागचा ‘८००’ चा बिल्ला किंवा गिअरची मूठ काढून घ्यायची असल्यास खरेदीदाराला अथवा केंद्राला आधी सांगावे. नंबर प्लेट मात्र घरी ठेवू नये, ती गाडीबरोबरच जाऊ द्यावी.

गाडी गेल्यावर फास्टॅग बँकेकडून बंद करून अनामत परत मागावी. विम्यावरील नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाईचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. त्यामुळे विमा कंपनीकडून तसे पत्र घेतल्यास तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीच्या विम्यात तो वापरता येतो. काही आठवड्यांनी परिवहनच्या संकेतस्थळावर जुना क्रमांक टाकून नाव बदलले किंवा नोंदणी रद्द झाली, याची खात्री करावी. तोपर्यंत व्यवहाराचे सर्व कागद एकाच फाइलमध्ये ठेवावेत.