पावसाआधी काम पूर्ण होण्याची शक्यता काढताना या चुका टाळा

मुंबईतील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे सगळे वेळापत्रक पाऊस लागण्यापूर्वी परांची उतरेल का, या एकाच प्रश्नाभोवती फिरत असते. त्याचे उत्तर टक्केवारीत देण्यासाठी अनेक सल्लागार अभियंते नेटवर्क आराखडा (कामे आणि त्यांचा क्रम बाणांनी दाखवणारा), क्रिटिकल पाथ (त्यातील सर्वांत लांब मार्ग, ज्यावरील उशीर सगळे काम लांबवतो) आणि १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी विकसित झालेली पर्ट ही प्रत्येक कामाच्या तीन अंदाजांवरून कालावधी काढणारी पद्धत वापरतात. पद्धत चांगली आहे. मात्र सोसायटीच्या सभेत सांगितली जाणारी टक्केवारी पुष्कळदा फसवी असते, आणि ती फसवी होण्याचे कारण आकडेमोडीपेक्षा आराखड्यातच अधिक वेळा सापडते.

सर्वांत संभाव्य दिवसांचीच बेरीज

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आशावादी, सर्वांत संभाव्य आणि निराशावादी या क्रमाने परांची बांधण्याचे अंदाज ४, ६, ८ दिवस. प्लास्टरचे १४, २०, ३८. पाणी मारण्याचे ठरलेले ७. आणि भिंत सुकू देऊन रंग देण्याचे ९, १२, २१ दिवस आहेत. मधल्या आकड्यांची बेरीज ४५ होते आणि कंत्राटात बहुधा तीच लिहिली जाते. पर्टच्या सूत्राने, म्हणजे मधल्या अंदाजाला चौपट वजन देऊन आणि एकूण बेरजेला सहाने भागून, अपेक्षित कालावधी ६, २२, ७ आणि १३ असे मिळून ४८ दिवस येतो. प्लास्टर लवकर संपले तर सहा दिवस वाचतात, पण जुना गिलावा काढल्यावर आत गंजलेल्या सळ्या दिसल्या तर अठरा दिवस वाढतात. हा असमतोल मधल्या आकड्यात दिसत नाही. ४५ दिवसांत काम संपण्याची शक्यता या आकड्यांनुसार जेमतेम २५ टक्के आहे.

प्रमाण विचलनांची बेरीज

प्रमाण विचलन म्हणजे कालावधी अपेक्षेपेक्षा किती मागेपुढे होऊ शकतो याचे माप. पर्टमध्ये निराशावादी आणि आशावादी अंदाजांतील फरकाला सहाने भागून ते मिळते. मार्गासाठी बेरीज मात्र व्हेरिअन्सची, म्हणजे या विचलनांच्या वर्गांची, करायची असते. वरील मार्गावर ती सुमारे २०.४ होते आणि तिचे वर्गमूळ ४.५२ दिवस येते. विचलनेच थेट मिळवली, तर ६.६७ हा फुगलेला आकडा हाती लागतो. मुदत ५२ दिवसांची धरल्यास झेड मूल्य (मुदत आणि अपेक्षित कालावधी यांतील फरक भागिले विचलन) सुमारे ०.८८ आणि झेडच्या तक्त्यावरून शक्यता ८१ टक्के येते. मुदत अपेक्षित कालावधीनंतरची असूनही उत्तर ३१ टक्के आले असेल, तर तुमचा तक्ता शून्यापासूनचे क्षेत्रफळ देतो आहे आणि ०.५ मिळवायचे राहिले आहे, असे समजावे.

एका मार्गाची शक्यता म्हणजे प्रकल्पाची शक्यता नव्हे

ही चूक सर्वांत महाग पडते, कारण ती गणित बिनचूक असतानाही होते. समजा, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा समांतर मार्ग अपेक्षित ४६ दिवसांचा आहे, पण त्याचे प्रमाण विचलन ६ आहे. तो क्रिटिकल नाही म्हणून कोणी त्याकडे पाहत नाही. तरीही ५२ दिवसांत तो संपण्याची शक्यता ८४ टक्केच आहे. दोन्ही मार्ग परस्परांपासून स्वतंत्र मानले, तर दोन्ही वेळेत संपण्याची शक्यता ६८ टक्क्यांवर येते. मजूर आणि हवामान दोन्हीकडे सारखेच असल्याने खरा आकडा ६८ आणि ८१ यांच्या मध्ये कुठेतरी असेल, पण सभेला मात्र ८१ सांगितले जाते. म्हणून क्रिटिकल पाथच्या जवळपास येणारा प्रत्येक मार्ग, विशेषतः ज्याच्या अंदाजांत मोठी तफावत आहे असा, वेगळा तपासावा. वेग वाढवण्याचा खर्च करतानाही हाच मार्ग आडवा येतो: जादा रंगारी लावून तीन दिवस कमी केले, तरी गच्चीच्या ४६ दिवसांमुळे प्रकल्पाचे दोनच दिवस वाचतात.

आराखड्यातील दोष

सुरुवातीपासून पुढे तारखा काढत जाताना अनेक बाण मिळतात त्या सांध्यावर सर्वांत मोठी, आणि शेवटाकडून मागे येताना सर्वांत लहान तारीख घ्यावी. एकूण फ्लोट, म्हणजे प्रकल्प न लांबवता काम जितके दिवस लांबू शकते ती सवलत, हा मार्गाचा सामायिक असतो. प्लंबरला आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला प्रत्येकी तेच दोन दिवस देऊ केले, तर पहिलाच ते संपवतो. बाहेरचे सांडपाण्याचे पाइप प्लास्टरआधी बदलायचे असतात, हा संबंध बाणाने दाखवलेला आहे का, हे पाहावे. पाणी मारणे रविवारीही चालते, त्यामुळे त्याचे दिवस कामाच्या दिवसांत मिसळू नयेत. रंगाची छटा ठरवण्यासाठी सभासदांना लागणारा वेळ तर कोणीच आराखड्यात दाखवत नाही. काही सोसायट्यांत तोच खरा क्रिटिकल पाथ असतो.

मुदतच स्थिर मानणे

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. मात्र २०२३ मध्ये तो २५ जूनला आला आणि २०२५ मध्ये २६ मे रोजीच. ज्या मुदतीवरून झेड मूल्य काढायचे, तीच अशी महिनाभर मागेपुढे होते. त्यामुळे एकच टक्केवारी न सांगता मे अखेर, ११ जून आणि जून अखेर अशा तीन मुदतींच्या तीन टक्केवाऱ्या मांडाव्यात, आणि मे अखेरची टक्केवारी फारच कमी दिसली तर गच्चीचे काम आधी सुरू करून आराखडा नव्याने काढावा.